नखाला लागलेली रेघ

१

मेजावर वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि त्यावर ते मोडकं ब्रॅकेट ठेवलं होतं. शेजारी एक टाइप केलेला कागद आणि कागदावर पेन. ‘डिझाइनमधली चूक माझी असून तिची सर्व जबाबदारी माझी आहे,’ असं त्या कागदावर लिहिलं होतं. खाली नाव होतं अपेक्षा खरात. सहीची जागा तेवढी कोरी होती.

चौकशीआधीच निकाल टाइप करून ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत. पण वाळूजच्या या फाउंड्रीचे मालक काकासाहेब माझे जुने ओळखीचे, आणि त्यांनी सकाळी आठला गाडी पाठवली होती. मी सर्जेराव. चाळीस वर्षं पॅटर्न केले. पॅटर्न म्हणजे वस्तूचा लाकडी नमुना. तो मातीत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. आता गुडघे गेले, तेव्हा कुणाचं ओतकाम मोडलं की ते का मोडलं, एवढं सांगायला मला बोलावतात.

झालं होतं ते असं. सिल्लोडकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये सामान वर चढवायचा पाळणा होता आणि त्याची कप्पी या ब्रॅकेटवर टांगलेली होती. परवा सकाळी ब्रॅकेट मोडलं. गोकुळ नावाचा कामगार पाळणा आणि भिंत यांच्यामध्ये तीन तास अडकून पडला. जीव वाचला, पण पायाचं डॉक्टर अजून काही सांगत नव्हते. ब्रॅकेट ज्या कंपनीला विकलं होतं तिचा माणूस आज चार वाजता येणार होता. त्याच्या हातात दोषी माणसाचं नाव द्यायचं, पुढचं पोलीस बघतील, असं ठरलं होतं.

"सर्जेराव, तुम्ही नुसतं बघा आन् व्हय म्हणा," काकासाहेब म्हणाले. "तुमच्या शब्दाला वजन आहे."

आम्ही बसलो होतो ती डिझाइन विभागाची काचेची केबिन होती. तिचं दार कार्डाशिवाय उघडत नव्हतं आणि कार्ड शिवमच्या गळ्यात होतं. शिवम प्रॉडक्शनचा प्रमुख, तिशीतला, बोलायला गोड. बाहेर बातमी फुटू नये म्हणून त्याने सगळ्यांचे मोबाइल स्टीलच्या डब्यात घालून डबा कपाटात ठेवला होता. पाणी हवं तर त्याला सांगायचं, लघवीला जायचं तरी त्यालाच सांगायचं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर अपेक्षा बसली होती. सकाळपासून ती एकदाही उठली नव्हती.

मी ब्रॅकेट उचललं. एक उभी भिंत, एक आडवी पाठ आणि दोघींना धरून ठेवणाऱ्या दोन तिरक्या पट्ट्या. या पट्ट्यांना रिब म्हणतात, मी बरगडी म्हणतो. एवढ्या ओझ्याला दोन बरगड्या पुरणार नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल. सवयीने मी दोघींच्या मधल्या कोऱ्या जागेवरून अंगठ्याचं नख ओढलं. नख अडलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तिथंच अडलं. डोळ्याला मात्र काही दिसत नव्हतं.

मी ब्रॅकेट खाली ठेवलं आणि कुणाला काही बोललो नाही.

२

अपेक्षा मुकुंदवाडीची. डिप्लोमा करून चार वर्षं इथं डिझाइन करत होती. मी तिला म्हटलं, मला कंप्युटरमधलं कळत नाही, बरगडी कशी करतेस ते दाखव. तिने खुर्ची कंप्युटरपाशी ओढली आणि माउस धरला. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिने एक तिरकी रेघ मारली, रेघेला जाडी दिली, ती दोन्ही बाजूंना सारखी वाटून दिली, आणि शेवटी दोन अंशांचा उतार दिला. उतार नसला तर पॅटर्न वर येताना माती फाडून येतो. मला हे शिकायला दोन वर्षं आणि उस्तादांच्या कैक शिव्या लागल्या होत्या. पोरगी मला तिथंच आवडली.

मग तिने ब्रॅकेटची मूळ फाइल उघडली. डाव्या बाजूला कामांची यादी होती. रिब एक, रिब दोन, रिब तीन, रिब चार. शेवटची दोन नावं फिकी पडलेली होती. त्या पुसलेल्या नव्हत्या, नुसत्या झोपवल्या होत्या. नाव यादीत राहतं, पण बरगडी मॉडेलमध्ये दिसत नाही आणि छापलेल्या ड्रॉइंगमध्येही येत नाही. खाली नोंद होती की फाइल शेवटची सेव्ह केली अपेक्षाने, एक ऑक्टोबरला, दुपारी तीन चाळीसला.

शिवमने गळफास कसा आवळला होता तेही तिनेच सांगितलं. एकोणतीस सप्टेंबरला वरिष्ठांनी मॉडेल तपासलं, तेव्हा बरगड्या चार होत्या. तीन ऑक्टोबरला सकाळी ड्रॉइंग छापून पॅटर्नच्या कामाला खाली गेलं. म्हणजे बदल मधल्या दिवसांत झाला. तीस तारखेला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून ती रजेवर. दोन तारखेला सुट्टी. उरली एक तारीख. त्या दिवशी हजेरीत ती होती आणि फाइलवर नाव तिचंच होतं.

"एक तारखेला दुपारी काय करत होतीस?"

"सात महिने झाले काका, नाय आठवत." ती खाली बघत म्हणाली. "परवापासून इतक्या जणांनी विचारलंय, की मीच केलं असंल का, असं मलाच वाटायला लागलंय."

"दोन तारखेचं आठवतं?"

"ते आठवतं. आम्ही सगळे लेणीवर गेलो होतो. लई गर्दी होती. दादांच्या चपला हरवल्या."

तारीख येते कुठून, असं मी विचारलं. ज्या कंप्युटरवर सेव्ह करू त्याच्याच घड्याळातून, ती म्हणाली. घड्याळ मागं करायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पासवर्ड? कीबोर्डच्या खाली चिठ्ठीवर. सगळ्यांचाच तसा. म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली, असा या घराचा कारभार होता. पण तारीख खोटी असू शकते म्हणणं वेगळं आणि ती खोटी आहे हे दाखवणं वेगळं.

"सही केली तर कंपनी पाठीशी राहील म्हणाले शिवम सर," अपेक्षा हळूच म्हणाली. "नाय केली तर मी एकटी. करून टाकू का काका?"

मी पेन उचलून माझ्या खिशात घातलं.

३

वरिष्ठ म्हणजे अतुल. दहा वर्षांचा जुना माणूस, रुमालाने सारखी मान पुसत होता. आपण तपासलं तेव्हा बरगड्या चार होत्या, हे त्याने मला तीनदा सांगितलं. दोषाची माशी आपल्या नाकावरून उडून दुसऱ्याच्या नाकावर बसली याचा त्याला सुटल्यासारखा आनंद झाला होता आणि त्याची लाजही वाटत होती. चाचणीचे नग कधी पाहिलेस का, असं विचारलं तर म्हणाला की डिझाइनवाले खाली ओतकामाच्या शॉपवर जात नाहीत, तशी इथं पद्धत नाही. मला राग आला. पायाला माती न लागता ओतकामाचं डिझाइन करणारे हे लोक.

त्याला जरा सैल करावं म्हणून मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. कंप्युटरांना झेंडूच्या माळा, कीबोर्डवर हळदकुंकू, मागं सगळे ओळीने उभे. काकासाहेब मध्ये, एका बाजूला अतुल, दुसऱ्या बाजूला अपेक्षा हातात पेढा धरून.

"गेल्या खंडेनवमीचा," अतुल म्हणाला. "बाराला पूजा होते. मग काकासाहेब मेनचा कटआउट, तो फ्यूजचा तुकडा, काढून घरी देवघरात नेऊन ठेवतात. हत्याराला विसावा द्यायचा म्हणजे द्यायचाच. दसरा झाल्यावर कटआउट परत येतो. तोवर इथं पंखा पण फिरत नाय."

दुसरी मेघा. ती प्रयोगशाळेत माती तपासायची आणि नापास मालाची नोंद ठेवायची. तिचं आणि अपेक्षाचं पटत नव्हतं, कारण वरच्या एका जागेवर दोघींचा डोळा होता. अपेक्षाबद्दल ती चांगलंही बोलली नाही आणि वाईटही नाही. पण तिच्या वहीत एक मजेदार गोष्ट होती. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत या ब्रॅकेटचा चाचणीचा एक नग धड निघाला नव्हता. दर वेळी मधली माती फुटायची आणि नग परत भट्टीत जायचा. फेब्रुवारीत एकाएकी सगळं सुरळीत झालं आणि माल बाहेर जायला लागला.

"कशानं?"

"शिवम सरांनी मातीचं मिश्रण बदललं म्हणे." तिने वही मिटली. "मंजे, माझ्याकडं जी माती येते तपासायला, ती तर तीच आहे."

शिवमचा एक मे रोजी शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला होता.

४

माती दाबणाऱ्या मोल्डरना विचारावं तर ते ठेकेदाराचे, दर महिन्याला नवे. म्हणून मी शिवमलाच विचारलं. त्याने मला पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि सगळ्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली. तो जानेवारीत चाकणच्या मोठ्या कारखान्यातून आला होता. माती बदलल्याचं त्याने सांगितलं. पोरीबद्दल वाईट वाटतं, पण पुरावा पुरावा असतो, असंही तो म्हणाला. मी फोटोकडे बघत विचारलं, तुमच्याकडे चाकणला एवढी पूजा व्हायची का? तो हसला. तिथं तिन्ही पाळ्या चालतात, हार घालायचा आणि पुढच्या मिनिटाला बटण दाबायचं. इथली खंडेनवमी त्याने अजून पाहिली नव्हती.

मग पॅटर्न मागवला. मांडणीवरची त्याची जागा रिकामी होती. पॅटर्नच्या कामाचा माणूस वर आला. तो मोतीराम होता. पंचवीस वर्षांपूर्वी चिकलठाण्याच्या एका फाउंड्रीत मी त्याला हातात पटाशी धरायला शिकवलं होतं. तो माझ्याकडे बघेना.

"पॅटर्न कुठंय, मोतीराम?"

"वाळवी लागली व्हती, उस्ताद. जाळला."

"कधी?"

"परवा. दुपारच्याला."

परवा सकाळीच ब्रॅकेट मोडलं होतं. आणि पॅटर्न सागाचा होता, हे काकासाहेबांनी मला आधीच सांगितलं होतं. जुन्या पक्क्या सागाला वाळवी लागलेली मी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती, आणि हे मोतीरामला मीच शिकवलं होतं. ड्रॉइंगचा कागदही त्यातच जळाला म्हणाला. कागदावर बरगड्या किती होत्या, असं मी विचारलं. तो आपल्या पंज्यावरचे घट्टे खरवडत राहिला. दारापाशी शिवम कार्डाची फीत बोटाभोवती गुंडाळत उभा होता.

"दोन," मोतीराम म्हणाला.

मी पुन्हा ब्रॅकेटवरून नख ओढलं आणि मला कळलं की केबिनमध्ये अपेक्षा एकटीच अडकलेली नाही. तोंड उघडलं तर माझ्या हाताखाली घडलेला माणूस जाणार होता. मिटलं तर ही पोरगी. घड्याळात तीन वाजून गेले होते.

५

मी काकासाहेबांना म्हणालो, तुमचं नख द्या. त्यांना वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं. तरी त्यांनी ब्रॅकेटच्या मधल्या जागेवरून नख ओढलं आणि थांबले. मग अतुलने ओढलं, मेघाने ओढलं. शेवटी अपेक्षाने. तिचं नख अडलं, पेन्सिलीच्या जाडीएवढं पुढं सरकलं आणि पुन्हा अडलं. थोड्या अंतरावर तसंच आणखी दोनदा.

"सहा मिलिमीटर," ती म्हणाली. "माझ्या रिबची जाडी."

"इथं बरगड्या होत्या," मी सांगितलं. "पॅटर्नवर होत्या. नंतर कुणीतरी त्या तासून टाकल्या आणि जागा सारखी केली. पॅटर्नवरची केसाएवढी रेघही माती उचलते आणि प्रत्येक नगावर छापते. दोन बरगड्या जवळ जवळ होत्या, मधली माती निघताना फुटत होती, म्हणून चाचणीचे नग वाया जात होते. फेब्रुवारीत त्या तासल्या आणि माल सुरळीत झाला. माती तीच होती."

आता हिशोब सरळ होता. पॅटर्न तीन ऑक्टोबरनंतर केला आणि त्यावर चार बरगड्या होत्या. मग तीन तारखेला छापलेल्या कागदावरही चारच असणार. कागद ज्या फाइलमधून निघाला तीत चारच असणार. आणि फाइल तर म्हणते की दोन बरगड्या एक तारखेलाच झोपल्या. याचा अर्थ फाइल खोटं बोलत होती. अपघातानंतर कुणीतरी घड्याळ मागं करून अपेक्षाच्या नावाने ती सेव्ह केली होती.

"अपेक्षा, गांधी जयंतीला लेणीवर एवढी गर्दी कशाला होईल?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलत गेला. "विजयादशमी होती," ती म्हणाली. "धम्मचक्र प्रवर्तन दिन. म्हणून गेलो होतो."

"व्हय की," मेघा म्हणाली. "दसरा आन् गांधी जयंती एकाच दिवशी आले होते. आमची एक सुट्टी बुडाली."

"मग एक तारखेला काय होतं?"

मेघाने बोटांवर एक दिवस मागं मोजला. सगळे फोटोकडे बघत होते. तिथं कंप्युटर माळा घालून गप्प बसले होते. आपल्या लोकांना तिथी लक्षात राहते, तारीख राहत नाही, आणि कंप्युटरला फक्त तारीख कळते. म्हणून परवापासून ही गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती, खुद्द पोरीच्याही नाही.

काकासाहेब खुर्चीतून उठले. "एक तारखेला तीन चाळीसला कटआउट माझ्या देवघरात व्हता," ते म्हणाले. "इथं वीजच नव्हती."

"बनावट करणाऱ्याला एकच तारीख मोकळी होती," मी म्हणालो. "ती निवडताना त्याने हजेरी बघितली, कॅलेंडर बघितलं. चौकोनात खंडेनवमी लिहिलेलं त्याला दिसलंही असेल. इथं दहा वर्षं काढलेल्या माणसाचा हात तिथंच थांबला असता. ज्याच्या लेखी खंडेनवमी म्हणजे हार घालून पुढच्या मिनिटाला बटण दाबायचं, त्याचा थांबला नाही. गेल्या खंडेनवमीला इथं नसलेला माणूस या खोलीत माझ्याशिवाय एकच आहे."

शिवमने कार्ड घट्ट धरलं होतं. पण आवाज अजून गोडच होता. "हे सगळे अंदाज आहेत, सर्जेराव. बरगड्या तासायला मी सांगितलं याला कागद कुठंय? पॅटर्न कुठंय?"

त्याचं खरं होतं. कागद नव्हता, पॅटर्न राख झाला होता. माझ्याकडे फक्त एक रेघ होती. फाटकावर गाडीचा हॉर्न वाजला.

६

"कागद नाय," मोतीराम म्हणाला. "तोंडी सांगितलं."

तो उभा राहून बोलला, शिवमकडे न बघता. फेब्रुवारीत शिवम खाली आला होता. दोन बरगड्या काढ, डिझाइनला मी कळवतो, असं म्हणाला होता. मोतीरामचं कंत्राट दर वर्षी नवं व्हायचं, आणि ठेवायचं की नाही ते शिवमच ठरवायचा. परवा अपघाताचा फोन आल्यावर पॅटर्न आणि ड्रॉइंग त्याच्याकडून जाळून घेतलं, आणि विचारलं तर दोन सांगायचं, असं बजावलं.

काकासाहेबांनी शिवमच्या गळ्यातलं कार्ड काढून घेतलं आणि दार उघडलं. त्यांनी ते उघडंच ठेवलं. शिवमला त्यांनी फाटकावरच्या माणसासमोर नेलं. अतुल मागोमाग गेला, मोबाइलचा डबा हातात घेऊन.

अपेक्षा घरी जाईल असं मला वाटलं होतं. ती कंप्युटरपाशी बसली, रिब तीन आणि रिब चार जाग्या केल्या आणि मेघाला विचारलं की फेब्रुवारीपासून किती नग बाहेर गेले. मेघाने वही उघडली. दोनशे चौदा. मग दोघी शेजारी बसून ते कुठं कुठं लागलेत त्याची यादी करायला लागल्या. "मी एकदा तरी खाली येऊन बघायला पाहिजे होतं," अपेक्षा मला म्हणाली. मी नाही म्हणालो नाही. ते तिचं खरंच चुकलं होतं.

मेजापाशी मोतीराम आणि मी उरलो. मला एक गोष्ट मघापासून खात होती. रेघ राहू देणारा हात माझ्या शिष्याचा नव्हता.

"तुला मिटवता आली नाही?"

"येत व्हती, उस्ताद. लाख भरून दोन हात घासलं असतं तर तुमच्या बी नखाला लागली नसती." तो खुर्चीच्या कडेला टेकला. "ठिवली. म्हणलं, कुणाच्या तरी हाताला लागंल. इचारील कुणीतरी, मंग सांगंन."

माझा राग उफाळून आला. दोनशे चौदा वेळा ती रेघ या फाटकातून बाहेर गेली. कुणी नख लावलं नाही, आणि शेवटी एक माणूस भिंतीला चिरडला तेव्हा मला लागली. रेघ ठेवणं म्हणजे बोलणं नव्हे, असं मी त्याला म्हणालो. मघाशी मी विचारलं तेव्हाही तू दोनच म्हणालास, असंही म्हणालो. मग मला माझीच लाज वाटली, कारण मीही सकाळी नख अडल्यावर तीन वाजेपर्यंत गप्पच होतो.

मोतीरामने मेजावरचा तो टाइप केलेला कागद ओढला आणि उलटा केला. मी खिशातलं पेन काढून त्याच्यापुढं ठेवलं. तो सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहायला लागला. आपलं नाव, गाव, आपण काय केलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं. चौथ्या ओळीवर तो अडला.

"उस्ताद, त्या गोकुळचं आडनाव काय?"

मी बाहेर जाऊन काकासाहेबांना विचारलं. अतुलला विचारलं. मेघाची वही बघितली. कुणालाच माहीत नव्हतं.